कुरकुऱ्याचा आवाज

४ मार्च, मंगळवार

ठकू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र तू उघडलंस की तसंच ड्रॉवरमध्ये ढकललंस, मला कळायला मार्ग नाही. उघडलं असशील तर घाबरू नकोस, काही मागायला लिहीत नाहीये. बाई गेल्या. रविवारी दुपारी. बातमी तुझ्यापर्यंत पोचली असेलच, तरी अशी गोष्ट घरच्या माणसानं कळवायला हवी, म्हणून लिहितोय.

हे वाक्य लिहिलं आणि पेन थांबलं. माझ्या तोंडी ते शोभत नाही, हे तुझ्याआधी मलाच कळलं. पण आता खोडत नाही.

फोन आला तेव्हा मी स्टुडिओत होतो. बाईंनी लिहिलेल्या शेवटच्या पुस्तकाचं माझ्या आवाजात रेकॉर्डिंग चाललंय, रविवारचंसुद्धा बोलावतात. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टनं हात वर केला, हेडफोन काढला आणि माझ्याकडे नुसता बघत राहिला. मला वाटलं, परत आवाज फाटला वाटतं माझा. तर तो म्हणाला, "काका, बाई..." आणि टेबलावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडायला लागला. चाळिशीचा गडी. मग सांगत होता, लहानपणी तो तोतरा होता. चारचौघांत बोलायचं म्हटलं की गाडी पहिल्या अक्षरावरच अडायची. पण बाईंच्या गोष्टीतल्या कुरकुऱ्यासारखं बोलायला लागला की सरळ रुळावर. शाळेतली तोंडी परीक्षा त्यानं कुरकुऱ्याच्या थाटात दिली होती म्हणे, "काय ते प्रश्न, काय ती उत्तरं, सगळाच वैताग," असं म्हणत. आणि पास झाला.

तुला तो कुरकुऱ्या माझ्याच घशातून भेटला. ज्या देशात नदी डोंगराकडे चढत जाते, त्या उफराटच्या पुलावरचा राखणदार. ज्याला ऊनही टोचतं आणि सावलीही. त्याच्या आवाजात "गिळा आता" म्हटल्याशिवाय तू घास घ्यायची नाहीस. तुझी आई म्हणायची, "बाप जेवायला वाढतोय की अस्वल?" आणि उफराटमध्ये शिरायचं तर डावा बूट उजव्या पायात आणि उजवा डाव्या पायात घालावा लागतो, हे कळल्यावर तू आठवडाभर शाळेला तशीच गेलीस, टाचेला फोड येईपर्यंत.

काल बाईंच्या घरी जाऊन आलो. फाटकाबाहेर माणसं उभी होती. बँकेतून, दुकानातून सरळ आलेली मोठाली माणसं, आणि निम्म्यांच्या पायांत बूट उलटे. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. फूटपाथवरून बदकांसारखी चालत येत होती आणि गप उभी राहत होती. मी खाली मान घालून आत गेलो. ओळखलं असतं तर लोकांनी कुरकुऱ्याचं एखादं वाक्य म्हणायला लावलं असतं, आणि सध्या घसा जरा बसलाय. सर्दी, दुसरं काही नाही. ऋतू बदलतोय ना.

फोनच करणार होतो. पण फोनवर तू गप्प बसलीस की मला काही सुचत नाही. पत्र बरं.

तुझा
बाबा


७ मार्च

ठकू,

काल संध्याकाळी तुझा फोन आला. दोन वर्षांनी तुझं नाव त्या पडद्यावर दिसलं. मी नेमका अंघोळीला गेलो होतो. खूप वेळ वाजला, बंद झाला, परत वाजला.

अंघोळीला गेलेल्या माणसाला हे कसं कळलं, असं तू विचारशील. दार उघडं होतं.

मग तुझा मेसेज आला, "बाईंचं कळलं. तू बरा आहेस ना?" त्यावर मी "कामात आहे, पत्र लिहितो" एवढंच पाठवलं. त्यानंतर तुझ्याकडून काही नाही. तुझा गैरसमज झाला असेल, की म्हाताऱ्याचा राग अजून उतरला नाही. ठकू, माझा राग कधी नव्हताच. राग तुझा होता आणि तो रास्त होता. सध्या फोन उचलता येत नाही एवढंच. कामं फार आहेत.

प्रकाशकांनी घोड्यावर जीन घातलंय. बावीस तारखेला शोकसभा आहे, मोठं सभागृह घेतलंय. तिथे नव्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण मी वाचायचं आणि त्याच आठवड्यात पूर्ण रेकॉर्डिंग बाजारात. काल दुपारी म्हणाले, "तुमच्याशिवाय हे होणं नाही. लोकांना बाईंचा चेहरा आठवत नाही, पण कुरकुऱ्याचा आवाज झोपेतून उठवून विचारा." ऐकायला बरं वाटलं. पण पुस्तक अर्ध्यावर आहे. एकेक वाक्य चार-चार वेळा घ्यावं लागतंय. रेकॉर्डिस्ट बिचारा "काका, माझीच चूक, मशीन अडकलं" असं म्हणतो. चांगल्या घरचा मुलगा आहे, खोटं बोलताना कान लाल होतात.

गरम पाण्याच्या गुळण्या चालू आहेत. तू विचारण्याआधी सांगून ठेवतो.

बाबा


१३ मार्च, सकाळ

ठकू,

पहिलं पत्र पोचलं असेल आता.

आज दवाखान्यात जाऊन आलो. माझ्यासाठी नाही. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या ताई तुला आठवतात, तुझ्या शाळेच्या गणवेशाला त्याच बाही लावून द्यायच्या. त्यांचा घसा गेले काही महिने बसलाय, आणि एकट्यानं जायला घाबरत होत्या. मी सोबत गेलो.

घशाचे डॉक्टर तरुण आहेत. नाकात काहीतरी गार फवारलं, मग बारीकशी नळी नाकातून घशापर्यंत सारली. नळीच्या टोकाला कॅमेरा. ठसका येतो, डोळ्यांतून पाणी येतं, आणि ते म्हणतात, "आता 'ई' म्हणा, लांबवा." समोरच्या पडद्यावर आपलाच गळा दिसतो. म्हणजे ताईंना त्यांचा. आत दोन पांढऱ्या पट्ट्या असतात, बोललं की जवळ येतात, थांबलं की लांब होतात. बस्स, एवढंच. एवढ्याशा दोन पट्ट्यांवर माणूस आयुष्यभर पोट भरतो, बायको पटवतो, पोरीला झोपवतो. डाव्या पट्टीवर एक खडबडीत डाग होता. डॉक्टर त्या डागाकडे जरा जास्त वेळ बघत राहिले. ते मला आवडलं नाही.

"आवाजाचं काम करता का?" त्यांनी विचारलं. आणि मग म्हणाले, थोडा तुकडा काढून तपासायला पाठवू. कदाचित काहीच निघणार नाही. कदाचित निघेल. ताईंनी विचारलं, बावीस तारखेनंतर केलं तर चालेल का? ते म्हणाले, लवकर केलेलं बरं. तेवढ्यात ताई उठून चपला घालायला लागल्या.

बाई आजारी होत्या हे मला वर्षभर माहीत होतं. कोणाला सांगितलं नव्हतं, तुलाच सांगतोय. एका रेकॉर्डिंगनंतर त्यांनी मला थांबवून सांगितलं आणि वर वचन घेतलं, की वाचकांना कळता कामा नये. "मुलं घाबरतील," म्हणाल्या. मी म्हटलं, तुमची मुलं आता टक्कल पडलेली झाली आहेत. त्या हसल्या, पण वचन सोडलं नाही. लोक माझ्याकडूनच का वचनं घेतात कोण जाणे. कपाटाची चावी ज्याच्याकडे, त्याला कपाटात काय आहे ते रोज दिसतं, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

हा विषय नको. तुझ्या आईपर्यंत जाऊन पोचतो.

रात्रपाळी असली तर दिवसा झोप काढत जा.

बाबा


२० मार्च

ठकू,

तुझा मेसेज काल आला. "शिवणवाल्या ताईंना सांग, तुकडा काढायचं लांबवू नका. आणि त्यांना सांग, आवाजाला विश्रांती द्या. सभाबिभा करू नका."

ताईंना निरोप दिला. त्या म्हणाल्या, बघू.

तो मेसेज मी कितीदा वाचला ते विचारू नकोस. तुला कळलंय की नाही, हे ठरवता येईना. कळलं असेल तर तू सरळ का विचारलं नाहीस? आणि विचारलं असतंस तर मी काय सांगितलं असतं? तू नर्स आहेस, ठकू. दिवसभर माणसं तुझ्यासमोर बसून "काही नाही हो, जरा धाप लागते" म्हणतात आणि तू त्यांची छाती तपासतेस. तुझ्यापुढे माझी काय मात्रा चालणार.

ताईंची तारीख अठ्ठावीस ठरली आहे. म्हणजे सभा झाल्यावर.

आज स्टुडिओत कुरकुऱ्या निघालाच नाही. तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली, सायकलच्या पंपासारखी. रेकॉर्डिस्ट या वेळी मशीनवर ढकलू शकला नाही. काचेपलीकडून म्हणाला, "काका, घरी जा." मी म्हटलं, शनिवारच्या सभेचं काय? तो मशीन बंद करायला लागला.

शनिवारचं काय, ठकू? सहाशे माणसं येणार आहेत.

बाबा


२३ मार्च, रविवार

ठकू,

काल सभा झाली. सगळं सांगतो, मधलं काही गाळत नाही. हे पत्र लांबेल.

सभागृह गच्च भरलं होतं, पायऱ्यांवरसुद्धा माणसं. उलटे बूट घालून आलेली इतकी होती, की आत शिरताना एकमेकांच्या पायांत पाय अडकत होते. माझ्या आधी चार जण बोलले. मला एक शब्द कळला नाही. मी खिशात हात घालून मनातल्या मनात 'ई' म्हणत होतो, निघतोय का बघायला.

मग माझं नाव घेतलं. गोष्टीतली मुलगी, भिंगरी, पहिल्यांदा पुलापाशी परत येते ते पान. निवेदन जमलं, खालच्या पट्टीत, सांभाळून. भिंगरी जमली. मग कुरकुऱ्याचं वाक्य आलं, "आलीस? मी काही वाट बघत नव्हतो." तोंड उघडलं. "आलीस" एवढं निघालं. पुढचं निघेना. पाणी प्यायलो. परत "आलीस". परत तिथेच. समोर सहाशे चेहरे, आणि मी एका शब्दाशी उभा.

आणि माहिती आहे काय झालं? लोक रडायला लागले. त्यांना वाटलं, मला गहिवरून आलंय. पुढच्या रांगेतली एक बाई रुमाल तोंडात कोंबून हुंदके देत होती. प्रकाशक येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. टाळ्या सुरू झाल्या, थांबेचनात. घशातली गाठ होती ठकू, आणि लोकांना तो गहिवर वाटला. मी मान खाली घालून त्या टाळ्या घेतल्या. इतकं लाजिरवाणं मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

मागच्या दारानं सटकत होतो तेवढ्यात एका माणसानं वाट अडवली. धिप्पाड, मान माझ्या मांडीएवढी. इमारती पाडायचं काम करतो म्हणाला, वीस माणसं हाताखाली आहेत. कामाचे जाडजूड बूट, तेही उलटे घातलेले, त्यामुळे लंगडत होता. मला वाटलं, सही मागेल.

तो म्हणाला, "बाई आजारी होत्या, हे तुम्हाला माहीत होतं?"

खोटं बोलायला आवाजच नव्हता. मी मान हलवली. हो.

"किती दिवसांपासून?"

"वर्ष."

तो म्हणाला, "मी बांधकामाच्या कुंपणापाशी उभा होतो. कोणीतरी फोनवर बातमी वाचून दाखवली, आणि दुसऱ्या मिनिटाला भिंत पाडायची होती. पाडली. मी काही त्यांच्या घरी जाऊन बसणार नव्हतो. काही मागितलं नसतं. चार ओळी लिहिल्या असत्या. आईबाप भांडायचे तेव्हा मी त्यांच्या पुस्तकात जाऊन बसायचो, एवढंच सांगितलं असतं. आता कोणाला सांगू?"

मी कसाबसा म्हणालो, "त्यांना तुम्हा लोकांना त्रास द्यायचा नव्हता."

"त्रास आमचा होता ना?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता त्याचा. "तो घ्यायचा की नाही, हे आम्ही ठरवलं असतं."

आणि मग त्यालाच ओशाळल्यासारखं झालं, "माफ करा, तुमचंही जवळचं माणूस गेलंय," म्हणाला आणि लंगडत निघून गेला.

मी जिन्यावर बसून राहिलो. मला तू दिसलीस. दारात, हातात बॅग, तुझी आई जाऊन दोन दिवस झालेले. तू रडली नव्हतीस. "परक्यांच्या आया मी उचलून बसवते, त्यांची तोंडं पुसते," म्हणाली होतीस, "आणि माझ्या आईला काय झालंय हे मला शेजाऱ्यांनंतर कळतं?" तेव्हा मी काय म्हणालो होतो? "तिला तुला त्रास द्यायचा नव्हता." अगदी हेच. शब्द न् शब्द हेच.

तर आता ऐक. शिवणवाल्या ताईंचा घसा ठणठणीत आहे. काल जिन्यात त्या दूधवाल्यावर ओरडत होत्या, तिसऱ्या मजल्यावर ऐकू आलं. दवाखान्यात मीच गेलो होतो, ताई सोबत होत्या. डाग माझ्या पट्टीवर आहे. आवाज हिवाळ्याच्या आधीपासून बसलाय, मी सर्दी सर्दी म्हणत राहिलो. तुझा फोन आला तेव्हा मी अंघोळीला गेलो नव्हतो. फोन हातात होता. 'हॅलो' म्हटलं असतं की तुला कळलं असतं, म्हणून तो वाजत असताना धरून बसलो. शुक्रवारी, अठ्ठावीसला, भूल देऊन तुकडा काढणार आहेत. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात. तपासणीचं उत्तर त्यानंतर आठवड्यानं.

तू ये असं म्हणत नाही. येऊ नकोस असंही म्हणत नाही. त्रास तुझा आहे.

पत्र पोचेपर्यंत शुक्रवार उलटून जाईल, हे आत्ता लक्षात आलं. म्हणजे हे लिहून मी पुन्हा पळवाटच काढली की. पेन खाली ठेवतो आणि फोन करतो. जो काही आवाज निघेल तो निघेल.

बाबा


५ एप्रिल, शनिवार

ठकू,

तू खाली औषधाच्या दुकानात गेली आहेस. जाताना कागद आणि पेन्सिल पुढ्यात आपटून म्हणालीस, "मी परत येईपर्यंत काय वाटतंय ते लिही. 'ठीक आहे' असं लिहिलंस तर फाडून टाकेन."

दुकानात गर्दी असू दे. मला जरा वेळ लागेल.

त्या रविवारी फोनवर तू पहिला प्रश्न विचारलास, "हा आवाज कधीपासून?" सर्दी हा शब्द अगदी ओठांवर आला होता. गिळला. तू पुढे काही बोलली नाहीस, फक्त रजा किती शिल्लक आहे ते पुटपुटत मोजत होतीस. गुरुवारी संध्याकाळी आलीस. बॅग ठेवलीस, माझा चेहरा दिव्याखाली धरून जीभ बाहेर काढायला लावलीस, आणि मग एकदम गप्प. रुग्णालयात गप्प, घरी गप्प. चहा पुढ्यात यायचा, गोळ्या पुढ्यात यायच्या, शब्द नाही. भूल उतरल्यावर डॉक्टरांनी मला दहा दिवस तोंड उघडायचं नाही असं बजावलं होतं. घरात दोन माणसं आणि आवाज फक्त नळाचा. चौथ्या दिवशी मी चिठ्ठी लिहून तुझ्या बशीखाली सरकवली: "मला डॉक्टरांनी बोलू नको सांगितलंय. तुला कोणी सांगितलं?"

तू वाचलंस. हसू येत होतं ते दाबलंस, मला दिसलं. आणि मग जे बोलायला लागलीस ते चहाचं पाणी आटून पातेलं करपेपर्यंत.

मला ते ऐकायचं नव्हतं. खरं सांगतो. आजवर तू आईचा विषय काढलास की मी बोलायला लागायचो. माझा आवाज चांगला आहे ना, त्यानं माणसं शांत होतात, तो माझा धंदा आहे. तुझी दोन वाक्यं होईपर्यंत माझी दहा व्हायची, आणि तू दमून गप्प बसायचीस. या वेळी माझ्याकडे काही नव्हतं. तू म्हणालीस, आई शेवटी काय खात होती ते तुला माहीत नाही. तिला दुखत असताना कोणी कुशीवर वळवलं, नीट वळवलं का, ते माहीत नाही. "मला येतं ते, बाबा. तेवढं एकच मला नीट येतं, आणि तेच तुम्ही दोघांनी मला करू दिलं नाहीत." मी पेन्सिलीकडे हात नेला. तिनं शपथ घातली होती, असं लिहायचं होतं. तू पेन्सिल उचलून पाठीमागे धरलीस. "नाही. आज फक्त ऐक."

ऐकलं. तू रडलीस तेव्हा, सगळं बोलून झाल्यावर, मला तुला "उगी" म्हणता येईना. पाठीवर हात ठेवून बसलो. तू तो झटकला नाहीस.

त्यानंतर तू विचारत गेलीस आणि मी लिहीत गेलो. आई काय खायची. रेडिओ किती मोठ्यानं लावायची. शेवटी कोणाला हाक मारली. ते कागद तू बॅगेत ठेवलेस, मी पाहिलं.

मधे रेकॉर्डिस्टनं नव्या आवाजाचा नमुना पाठवला. प्रकाशकांना मी खरं कळवल्यावर त्यांनी चार दिवस हळहळ केली आणि पाचव्या दिवशी एक मुलगी शोधली, नाटकातली. तू मोबाइल माझ्या कानाशी धरलास. तिचा कुरकुऱ्या बारीक आहे, शिट्टीसारखा, चिडका. मला अजिबात आवडला नाही. मुलांना आवडेल. तू म्हणालीस, "कसला वाईट आहे रे," आणि मला फार बरं वाटलं, आणि ते बरं वाटल्याची लाजही वाटली.

आणि आजची सकाळ. डॉक्टरांनी फाइल उघडली, माझ्याकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "आधी आपण दोघंच बोलू या का?" तू उठायला लागलीस. निमूटपणे उठलीस, दोन वर्षांपूर्वीच्या दारातला तो चेहरा करून. मी तुझी बाही पकडली. पेन्सिल तुझ्या पर्समध्ये होती, म्हणून तोंडानंच बोललो, बंदी मोडून. "हिला सांगा. मी ऐकतो." फाटका, खरखरीत आवाज. कुठल्याही पुस्तकातला नव्हता.

"वाईट आहे, पण लहान आहे," डॉक्टर तुला म्हणाले. तू बोट टेबलावर आपटत एकेक विचारत गेलीस: किती खोल, गळ्याच्या गाठींपर्यंत गेलंय का, रेडिएशन किती आठवडे, गिळायला त्रास कधीपासून होईल. तुझा आवाज एकदाही हलला नाही. त्या खोलीत तू माझी मुलगी नव्हतीस, कोणाच्यातरी वॉर्डातली करारी बाई होतीस, आणि मी त्या बाईचा पेशंट. आवाज राहील म्हणाले, पण पूर्वीचा राहणार नाही. जाडा होईल. मग बाहेर गाडीत बसल्यावर तू चावी लावलीस आणि ती फिरवलीच नाहीस. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसलीस.

आता काय वाटतंय ते.

सोमवारपासून रेडिएशनची तयारी सुरू होईल. माझ्या मापाचा मुखवटा बनवणार आहेत, चेहऱ्यावर घट्ट बसणारा, हलायचं नाही. मला बंद जागेत गुदमरतं, हे तुला माहीत नाही, तुझ्या आईला माहीत होतं. स्टुडिओचं दारही मी कधी पूर्ण लावू दिलं नाही, एवढ्या वर्षांत. बाईंनी शेवटी कोणाला भीती सांगितली असेल की नाही, याचाच सारखा विचार करतोय. मला तर त्यांनी विनोद सांगितले होते, आणि मी हसलो होतो.

ठकू, मला भीती वाटते. आवाज जाईल याची कमी. मरायची जास्त. ती फार वाटते, आणि तू परत जाशील तेव्हा आणखी वाटेल. रजा किती आहे ते खरं सांग.

बाबा